देवराईतल्या जाड वेली तोडाव्यात का?

तुमचा प्रश्न असा: "आमच्या गावच्या देवराईत मोठमोठ्या झाडांवर मांडीएवढ्या जाड वेली चढल्यात. वेली झाडाचं रक्त पितात, सगळ्या तोडून टाकू, असं काही मंडळी म्हणतायत. ॲमेझॉनसारख्या पावसाळी जंगलात वेली आणि झाडांचं नेमकं काय चालतं? वेली तोडल्या तर झाडं वाचतील का?"

रक्त कोणी पीत नाही. आधी हे मिटवून टाकू, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

झाडाचा रस शोषणारे वेगळे. आंब्यावरचं बांडगूळ फांदीत मुळं घुसवतं आणि तिथलं पाणी ओढतं. अमरवेलीला तर पानंच नाहीत, पिवळे दोरे नुसते, ती सगळंच दुसऱ्याचं खाते. पण गारंबी, उक्षी, शिकेकाई, गुळवेल यांची मुळं जमिनीत आहेत, पानं हिरवी आहेत, स्वयंपाक स्वतःचा स्वतः करतात. आमच्याकडे कडुनिंबावरचीच गुळवेल हवी म्हणून लोक मैलभर चालत जातात, कारण म्हणे निंबाचा गुण वेलीत उतरतो. वेलीचं आणि निंबाचं तोंडसुद्धा एकमेकांना लागलेलं नसतं. ती त्याच्या अंगाखांद्यावर आहे, पोटात नाही.

मग ती झाडाकडून घेते काय? खोड. फुकटात.

झाडाचा विचार करा. पन्नास-साठ वर्षं ते नुसतं लाकूड रचत असतं, कशासाठी, तर चार पानं उन्हात पोचावीत म्हणून. दाट जंगलात जमिनीपर्यंत पोचणारं ऊन शेकड्यात एक-दोन हिस्से. वेल हा खर्चच करत नाही. उभं राहण्याचं काम दुसऱ्यावर टाकते आणि वाचलेला पैसा पानांत आणि लांबीत घालते. म्हणून उष्ण कटिबंधातल्या जंगलात लाकडी बुंध्यांची डोकी मोजली तर सुमारे पाव हिस्सा वेलींचा निघू शकतो, आणि जंगलाचं वजन केलं तर त्यांचा वाटा अगदी किरकोळ. या लाकडी वेलींना लियाना म्हणतात. मराठीत महावेल हा चांगला शब्द आहे, मी तोच वापरतो.

जी गोष्ट मला वर्गात कधी नीट समजावता आली नाही ती उक्षीने एकदा दोन मिनिटांत समजावली. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि दरवर्षी एप्रिलमध्ये पोरांना घेऊन रानात जायचो. पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. बरोबरच्या गड्याने मनगटाएवढी उक्षी वरून तोडली, मग खालून तोडली, हातभर तुकडा तोंडावर उभा धरला. थेंब थेंब नाही, चक्क धार लागली. खालून आधी तोडली असती तर पाणी वर ओढलं गेलं असतं, म्हणून पहिला घाव वर. पोरं आळीपाळीने प्यायली. मग मी त्यांना तुकड्याची कापलेली बाजू दाखवली. नुसत्या डोळ्यांनी भोकं दिसत होती, चाळणीसारखी. शेजारी किंजळाची फांदी तोडून दाखवली, तिथे भिंग लागलं. वेलीला वजन पेलायचं नसतं, त्यामुळे तिला खोडात दणकट लाकूड भरावं लागत नाही. रुंद पाणनळ्या भरता येतात. बारीक खोडातून ती मोठ्या झाडासारखं पाणी वर चढवते.

हीच खरी चोरी, आणि ती वर नाही, खाली होते. वरती ती झाडाचं ऊन अडवते हे कोणालाही दिसतं. जमिनीतलं पाणी ओढते ते दिसत नाही.

यातूनच एक गोष्ट कळते जी ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. महावेली सर्वांत जास्त कुठे? जिथे बारा महिने पाऊस कोसळतो तिथे नाही. जिथे वर्षातले काही महिने कोरडे जातात, तिथे. कोरड्या दिवसांत आकाश निरभ्र असतं, ऊन भरपूर असतं, पण पुष्कळ झाडं पाण्याअभावी वाढ थांबवतात किंवा पानं टाकतात. वेली तेव्हाही वाढत राहतात. आपल्या सह्याद्रीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो धो पाऊस आणि मग सात-आठ महिने जवळपास काही नाही. वेलींना यापेक्षा चांगलं काय हवं!

आता चढण्याबद्दल. काही वेली झाडाला वेढे घालतात, काहींना भोपळ्या-काकडीसारखे तणावे असतात, शिकेकाई आणि वेत काट्यांचे आकडे अडकवत जातात (शिकेकाईच्या जाळीत एकदा शर्ट अडकला की माणूस आयुष्यभर विसरत नाही), आणि मिरीसारख्या वेली खोडाला मुळांनी चिकटतात. वेढेवाल्यांची आणि तणावेवाल्यांची एक अडचण असते: जाड खोड त्यांच्या कवेत येत नाही. खांबाला दोरी गुंडाळता येते, विहिरीच्या कठड्याला नाही. मग दोन माणसांच्या मिठीत न मावणाऱ्या झाडावर गारंबी चढली कशी? बहुतेक वेळा ती त्या झाडावर चढलेलीच नसते. ती शेजारच्या बारक्या झाडावर चढते, तिथून वरच्या वर पलीकडे जाते. किंवा आधी चढून बसलेल्या दुसऱ्या वेलीची शिडी करते. किंवा झाड आणि वेल दोघंही लहान असताना एकत्र निघालेली असतात आणि झाड तिला आपल्याबरोबर वर घेऊन जातं. म्हणून मोठ्या वेली खोडाला न टेकता मधल्या मोकळ्या जागेत दोरखंडासारख्या लोंबताना दिसतात. ज्याच्या आधाराने चढली ते झाड कधीच मरून कुजून गेलेलं असतं.

चढण्याआधी झाड सापडायला हवं, आणि वेलीला डोळे नाहीत. कोस्टा रिकाच्या जंगलात मॉन्स्टेरा नावाच्या वेलीच्या एका जातीचं रोप उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटतं, कारण जवळपासचा सर्वांत गडद डाग म्हणजे बहुधा एखाद्या झाडाचा बुंधा. हे डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी १९७५ साली 'सायन्स'मध्ये छापलं. खोडाला लागलं की मात्र स्वभाव बदलतो, मग वर, उजेडाकडे. ही जात तुमच्या देवराईत नाही, पण तिच्या गोतातलं मनीप्लांट तुमच्या गॅलरीत असेल. कुंडीत लोंबतं तेव्हा पान तळहाताएवढं, आणि तेच आवारातल्या नारळावर चढलं की सुपाएवढं.

झाडाचं नुकसान किती होतं हे नजरेने सांगता येत नाही. कोकणात बसून मी म्हणणार वेलीने झाड खाल्लं, तुम्ही म्हणणार म्हातारं होतं म्हणून मेलं. त्यासाठी वेली काढून बघाव्या लागतात आणि तसं पनामात केलं गेलं. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गाटुनचं तळं भरलं आणि १९१४च्या सुमारास एका डोंगराचं बेट झालं: बारो कोलोरॅडो. तिथे स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन केंद्र आहे आणि ५० हेक्टरांचा एक तुकडा असा आहे की त्यातलं झाड न् झाड मोजलेलं आहे. पुढे वेलीही मोजल्या. एक सेंटिमीटरहून जाड अशा ६७ हजारांवर वेली भरल्या, १६२ जातींच्या. एवढ्याशा जागेत! मोजणाऱ्यांची मला कीवही येते आणि हेवाही वाटतो.

बेटाच्या शेजारी मुख्य भूमीवर गिगांते नावाचं एक भूशिर आहे. तिथे वेलींचे अभ्यासक स्टीफन श्निट्झर यांच्या गटाने ८० मीटर गुणिले ८० मीटरचे १६ चौकोन आखले आणि २०११ साली त्यातल्या आठांमधल्या सगळ्या वेली खालून तोडल्या. उरलेले आठ तसेच ठेवले. तोडलेल्या वेली वरून ओढून मात्र काढल्या नाहीत, लोंबत्याच राहू दिल्या. हे का, ते पुढे सांगतो. बुंध्याला नवे धुमारे फुटत, ते पुन्हा पुन्हा छाटत राहावं लागलं.

काही वर्षांत जे दिसलं त्याने मीही चपापलो, कारण माझा कल वेलींच्या बाजूचा आहे. वेली असलेल्या चौकोनांत जंगलाने दरवर्षी साठवलेला निव्वळ कार्बन वेली काढलेल्या चौकोनांपेक्षा जवळपास तीन चतुर्थांशाने कमी होता (२०१५ साली प्रसिद्ध झालेला आकडा ७६ टक्के आहे), आणि त्याचं मोठं कारण झाडं मरणं हे नव्हतं, झाडांची वाढच खुंटणं हे होतं. वेली गेल्यावर फळं धरणाऱ्या झाडांची संख्याही बरीच वाढली. वेल स्वतः वाढते तेवढ्याने ही भरपाई होत नाही, कारण तिच्यात लाकूडच कमी.

तेव्हा तोडायला निघालेली मंडळी अगदीच चुकीची नाहीत. पण थांबा.

झाडंही गप्प बसत नाहीत. काही झाडं साल सोलून टाकत राहतात, चिकटलेल्याला सालीसकट खाली पाडतात. माड-पोफळीसारखी झाडं जुनी झावळ टाकतात आणि तिच्यावर हात ठेवून बसलेली वेलही तिच्याबरोबर खाली येते. अमेरिकेच्या उष्ण जंगलांत सेक्रोपिया नावाचं झपाट्याने वाढणारं झाड आहे, त्याचं खोड आतून पोकळ. त्यात अझ्टेका मुंग्या राहतात, झाड त्यांना खायला घालतं, आणि त्या बदल्यात मुंग्या झाडाला टेकणाऱ्या वेलींचे शेंडे कुरतडून टाकतात. घरभाडं वसूल.

याहून भारी गोष्ट अलीकडची आहे, तीही पनामाचीच. तिथे डिप्टेरिक्स नावाचं उंच झाड आहे, स्थानिक लोक अल्मेंद्रो म्हणतात. त्याच्यावर वीज पडते. अभ्यासलेल्या नऊ अल्मेंद्रोंवर थेट वीज पडली आणि नऊच्या नऊ जगले, फारशी इजाही नाही. पण वीज वेलींतून आणि शेजाऱ्यांच्या फांद्यांतून धावली. वेलींचा भार ७८ टक्क्यांनी उतरला आणि आजूबाजूची सरासरी नऊ झाडं मेली. म्हणजे वीज पडणं या झाडाच्या पथ्यावर पडतं. आपल्याकडे वीज पडलेलं झाड अशुभ मानतात, ते अल्मेंद्रोला कोणी सांगायला नको.

आता वेलींची बाजू. माझं मन इथे आहे हे आधीच कबूल केलंय.

लोरिस, म्हणजे लाजवंती, गोव्याच्या आणि त्याच्या खालच्या जंगलांत आहे. रात्री फिरणारा, बटाट्याएवढे डोळे वाटावेत असा हडकुळा प्राणी. तो उडी मारत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं तर हाताला काहीतरी लागलं पाहिजे. शेंडे भिडलेले नसतील तर वेल हाच पूल. वेल तुटली की त्याला जमिनीवर उतरावं लागतं, आणि खाली कुत्रे आहेत, रस्ता आहे. दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथचं तेच, तोही उडी मारणाऱ्यांतला नाही. आपला शेकरू लांब उडी मारतो, पण घरटं बांधताना शेंडे एकमेकांत गुंतलेलं झाड निवडतो, म्हणजे संकटात चारी बाजूंनी पळता येतं. त्या गुंत्याचा बराच भाग वेलींचा असतो. शिवाय झाडांना फळं नसतात त्या दिवसांत काही वेली फुलतात-फळतात, पाखरांची भूक भागवतात. उक्षी फुलल्यावर तिच्यावर किती मधमाश्या असतात ते एकदा कान देऊन ऐका, झाड गुणगुणतंय असं वाटतं.

वेलीचा खरा धुमाकूळ दिसतो तो पडलेल्या झाडाच्या जागी. मोठं झाड पडलं की छपराला भोक पडतं, ऊन थेट जमिनीवर येतं. एरवी तिथे रोपांची शर्यत लागून दहा-वीस वर्षांत नवं झाड उभं राहतं. पण पडलेल्या झाडाबरोबर त्याच्यावरच्या वेलीही खाली येतात, आणि वेल पडून सहसा मरत नाही. ठिकठिकाणी मुळं धरते, एकीच्या दहा होतात. मग त्या जागेवर वेलींची गादी तयार होते आणि कित्येक वर्षं एकही झाड डोकं वर काढू शकत नाही. माणसाने तोडलेल्या रानात, रस्त्याच्या कडेला, तुकड्या तुकड्यांच्या जंगलात हेच जास्त होतं, कारण तिथे कडेने ऊन शिरतं. तुमची देवराई किती मोठी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. एक-दोन एकरांची असेल तर ती सगळी कडाच असते.

आणि वेली वाढतायत का? ॲमेझॉनचं विचारलंत म्हणून सांगतो. २००२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात तिथल्या मोठ्या वेलींचा झाडांच्या तुलनेत वाटा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत वर्षाला १.७ ते ४.६ टक्क्यांनी वाढत असल्याचं दिसलं. पनामातही वाढ दिसते. कारणांवर मात्र एकमत नाही: कोणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवतं, कोणी लांबलेल्या कोरड्या दिवसांकडे. आणि आफ्रिकेत कांगोच्या इतुरी जंगलात १९९४ ते २००७ दरम्यान वेली उलट कमी झाल्या. त्यामुळे "जगभर वेली जंगल गिळतायत" असं व्हॉट्सॲपवर आलं तर पुढे पाठवू नका.

आता तोडण्याबद्दल, आणि आधी माझी फजिती.

आमच्या घरामागे एक वठलेला किंजळ होता. पाडायला माणसं लावली. कुऱ्हाड चालवणारा अनुभवी होता, झाड मोकळ्या बाजूला पडेल असा घाव त्याने बरोबर घेतला. झाड कलायला लागलं आणि मध्येच अडकल्यासारखं थांबलं. मग हळूच वळलं. वरती एक गारंबी होती, किंजळातून फणसात आणि फणसातून पलीकडे गेलेली, आणि आमच्यापैकी एकानेही मान वर करून बघितलं नव्हतं. किंजळाने फणसाची सर्वांत मोठी फांदी ओढून खाली आणली आणि फणसाची फांदी गोठ्यावर आली. कौलं गेली, एक वासा गेला. म्हैस चरायला गेलेली होती, नाहीतर तीही गेली असती. वडील तेव्हा हयात होते, ते काही बोलले नाहीत. फक्त फणसाकडे बघत राहिले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. नंतर वाचलं की उष्ण प्रदेशात नीट काम करणारे लाकूडतोडे झाड पाडायच्या सहा महिने-वर्षभर आधी त्याच्यावरच्या वेली खालून कापून ठेवतात, त्या सुकून कुजल्या की मगच झाडाला हात लावतात. पनामातल्यांनी वेली ओढल्या नाहीत त्याचं कारणही हेच. वेल ओढणं म्हणजे झाडाचे केस धरून ओढणं.

तुमच्या देवराईत काय करावं? वेलीची जाडी बघून ठरवू नका. सगळे तिथेच चुकतात. मांडीएवढी गारंबी शंभर वर्षांची असू शकते, आणि तिची पानं तीन झाडांत वाटून गेलेली असतात, एकाही झाडावर मोठा भार नसतो. उलट अंगठ्याएवढ्या दहा वेली एका झाडाच्या डोक्यावर गोधडीसारख्या पसरलेल्या असतात. झाडाचा शेंडा बघा. संशोधक एक सोपी मोजणी करतात ती तुम्हीही करू शकता: शेंड्यावर वेल नाही तर शून्य, पाव भागापर्यंत झाकला असेल तर एक, अर्ध्यापर्यंत दोन, पाऊण भागापर्यंत तीन, पाऊणच्या वर चार. बारो कोलोरॅडोच्या आकड्यांत वेलींनी गच्च भरलेल्या झाडांचा मृत्यूचा धोका बिनवेलीच्या झाडांच्या साधारण दुप्पट निघाला. शून्य, एक, दोनवाल्यांकडे बघूही नका. मिरीसारखी खोडाला चिकटून राहणारी, शेंड्यावर न जाणारी वेल असेल तर तिचाही विषय सोडा. कोकणात पोफळीवर पिढ्यान्‌पिढ्या मिरी चढवतात, पोफळ काही मेलेली नाही.

उरली तीन आणि चार आकडेवाली झाडं. त्यातही ते झाड दुर्मीळ असेल, किंवा कोवळं असेल, किंवा वेलीचे वेढे खोडात रुतून त्यावर मळसूत्रासारखी खाच पडली असेल, तरच कोयता काढा. खाच महत्त्वाची, कारण झाड जाड होत जातं आणि वेढा सैल होत नाही, मग पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरायची वाट आवळली जाते. हे बहुतेक मनगटाएवढ्या-दंडाएवढ्या पोरसवदा झाडांचं होतं, तुम्ही म्हणताय त्या थोराड झाडांचं नाही. आणि खोडाभोवती मुळांची जाळी दिसत असेल, वरून खाली उतरलेली, तर ती वेलच नाही. पाखराने फांदीवर टाकलेल्या बीतून उगवलेला वड किंवा पिंपळ आहे, त्याचं प्रकरण वेगळं आणि त्याला हात लावायची छाती गावात कोणाची होणारही नाही.

देवराई आहे म्हणून एक विचारतो, गुरवांशी बोललात का? आमच्याकडे देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कौल घेतल्याशिवाय उचलत नाहीत. सगळ्या वेली तोडायचा ठराव ज्यांनी मांडलाय त्यांना आधी देवळात कौल लावायला सांगा. निम्मा उत्साह तिथेच उतरेल, असा माझा अंदाज.

आणि एवढं करूनही एखादी वेल तोडायचीच ठरली तर पावसाळा संपल्यावर तोडा, कमरेच्या उंचीवर एक आणि जमिनीलगत एक असा मधला तुकडा काढून टाका, वरचा भाग लोंबता राहू द्या. वर्ष-दीड वर्षात तो आपोआप गळून पडेल. फक्त गुळवेल असेल तर महिन्याभराने परत जाऊन बघा. तिच्या तुटलेल्या वरच्या भागातून सुतळीसारखी मुळं सुटलेली असतील, सरळ खाली, जमिनीच्या रोखाने.